आनुवंशशास्त्राचे जनक ग्रेगोर मेंडेल

घरात मूल जन्मास आले की बारशापूर्वीच एक वाद सुरू होतो. कोणास बाळाचे नाक मामाच्या वळणाचे वाटते, कोणास कपाळ आजोबांचे दिसते. आत्याबाईंचा तर आग्रह असतो की हनुवटी निःसंशय आमच्याकडचीच. हा वाद आमच्याही घरी झालेला आहे, आणि वाचकांच्या घरी तो झाला नसेल असे आम्हांस वाटत नाही. त्यातील नवल हे की, आईबापांपैकी कोणातही नसलेला एखादा विशेष कधी कधी मुलात अवचित दिसू लागतो आणि घरातील सर्वांत वृद्ध माणूस सांगते की असे केस पणजीचे होते. मग हे केस मधल्या दोन पिढ्या कोठे दडून बसले होते?

पूर्वीच्या विद्वानांची सर्वसाधारण समजूत अशी होती की, आईचे व बापाचे गुण मुलामध्ये दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात. परंतु दुधात एकदा पडलेले पाणी पुन्हा वेगळे निघत नाही. मग पणजीचे केस परत यावेत कसे? या कोड्याची उकल ज्या पुरुषाने केली तो कोणी मोठ्या विद्यापीठाचा आचार्य नव्हता. तो एका मठातील संन्यस्त धर्मगुरू व शाळेतील बदली शिक्षक होता; आणि शिक्षकाच्या परीक्षेत तो कधीही उत्तीर्ण झाला नाही. त्या ग्रेगोर मेंडेल यांची जीवनकथा यंदा आम्ही आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवीत आहो.

मेंडेल यांचा जन्म १८२२ च्या जुलै महिन्यात त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील सायलीशिया प्रांतात, हाइनत्सेनडॉर्फ नावाच्या खेड्यात झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात असून त्यास हिंचित्से म्हणतात. बालकाचे नाव योहान. बाप आंतोन हा शेतकरी, आई रोझीना ही माळ्याच्या घराण्यातील. घरी व्हेरोनिका व थेरेसिया अशा दोन मुली, आणि मुलगा हा एकुलता एक. शेत स्वतःचे होते खरे. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आंतोनला आठवड्यातून तीन दिवस जमीनदारिणीच्या शेतावर वेठीस जावे लागे. उरलेल्या दिवसांत तो आपली जमीन कसे व फळझाडांवर कलमे बांधी. गावच्या धर्मोपदेशकांना फळबागांचा नाद होता व ते शेतकऱ्यांना चांगल्या जातीची कलमे मिळवून देत. चांगल्या झाडाची डहाळी साध्या खुंटावर बांधली की फळ कसे सुधारते, हे योहानने बापाच्या हाताखाली लहानपणीच पाहिले.

मुलगा बुद्धीने तल्लख आहे हे गावच्या शाळामास्तरांनी ओळखले व त्याला पुढे शिकविण्याचा आग्रह धरला. एकुलता मुलगा शेतावरून काढून शाळेत घालणे हे गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने लहानसहान धाडस नव्हे. तरी आईबापांनी ते केले. अकराव्या वर्षी योहान लिप्निक येथे व पुढच्या वर्षी ओपावा येथील विद्यालयात गेला. पूर्ण भोजनखर्च देण्याची ऐपत नसल्याने त्याचे नाव अर्ध्या शिध्यावर होते. उरलेली भूक घरून गाडीवानांबरोबर येणाऱ्या पाव-लोण्यावर भागवावयाची.

१८३८ साली या कुटुंबावर घाला पडला. वेठीच्या कामावर असताना एक ओंडका आंतोनच्या छातीवर कोसळला. तो जगला, पण कष्टाच्या कामास कायमचा अपात्र झाला. सोळा वर्षांच्या योहानास आता घरून काही मिळणे शक्य नव्हते. त्याने लहान मुलांच्या शिकवण्या धरल्या व तशाच स्थितीत विद्यालयाचा अभ्यास पुरा केला. पुढे ओलोमोउत्स येथे उच्च शिक्षणासाठी गेला, तो तेथे त्यास शिकवण्याही मिळेनात. काळजीने अंथरूण धरले आणि जवळजवळ एक वर्ष तो घरी पडून राहिला. शेत थोरल्या बहिणीच्या यजमानांकडे गेले होते. योहानने घरी राहून शेतकरी व्हावे हेच सर्वांना सरळ दिसत होते.

या प्रसंगी धाकटी बहीण थेरेसिया पुढे आली. तिच्या लग्नासाठी म्हणून जो वाटा राखून ठेविला होता, त्यातील काही भाग तिने भावाच्या शिक्षणास दिला. विज्ञानाच्या इतिहासाच्या मोठमोठ्या ग्रंथांत या मुलीस एखादी ओळ मिळते. आमच्या मते एखादे पान तिला द्यावयास हरकत नव्हती. भावानेही हे ऋण विसरले नाही. पुढे स्वतःस बरे दिवस आल्यावर त्याने थेरेसियाच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला, व त्यांतील दोघे वैद्य झाले.

ओलोमोउत्स येथील अभ्यास संपल्यावर पुन्हा पोटाचा प्रश्न उभा राहिला. तेथील पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांनी त्याची शिफारस ब्रनो शहरातील सेंट टॉमस या ऑगस्टिनी मठाकडे केली, आणि १८४३ च्या ऑक्टोबरात तो मठात दाखल झाला. तेथे त्यास ग्रेगोर हे नाव मिळाले. उदरनिर्वाहाच्या चिंतेतून सुटका व्हावी हाही आपला हेतू होता, हे त्यांनी पुढे स्वतःविषयी लिहिताना लपविले नाही.

हा मठ केवळ जपजाप्याचे स्थान नव्हता. तेथे मोठे ग्रंथालय होते, वनस्पतींचा संग्रह होता, बाग होती. मठातील कित्येक जण शहरातील शाळांतून शिकवीत असत. मठाधिपती सिरिल नाप हे दूरदृष्टीचे गृहस्थ. त्या मोराव्हिया प्रांतात लोकरीचा धंदा जोरात असल्याने चांगल्या लोकरीची मेंढरे कशी निपजवावी याची चर्चा तेथील जाणत्या मंडळींत नेहमी चाले. आणि मेंढीपासून कोकराकडे नेमके काय जाते व कसे जाते, हाच मूळ प्रश्न आहे हे नाप यांनी मेंडेल मठात येण्यापूर्वीच ओळखले होते. म्हणजे बी पडण्यापूर्वी जमीन तयार होती असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

१८४७ साली मेंडेल यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. परंतु रुग्णांच्या व मरणोन्मुखांच्या भेटीस जाण्याचे काम त्यांच्या मृदू मनास झेपेना. ते स्वतःच आजारी पडू लागले. नाप यांनी त्यांची अडचण जाणून १८४९ साली त्यांना झ्नोयमो येथील शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठविले. शिकविण्यात ते रमले व विद्यार्थ्यांनाही ते आवडले. पण कायम नेमणुकीसाठी सरकारी परीक्षा आवश्यक होती. १८५० साली ते त्या परीक्षेस बसले व नापास झाले. आणि तेही ज्या विषयात पुढे त्यांचे नाव अजरामर व्हावयाचे होते त्या सृष्टिविज्ञानातच! त्यांनी हा विषय बव्हंशी आपल्या आपणच पुस्तकांवरून वाचलेला होता.

नाप यांनी त्यांना दोष न देता १८५१ साली व्हिएन्ना विश्वविद्यालयात धाडले. दोन वर्षे ते तेथे होते. पदार्थविज्ञान त्यांनी डॉप्लर यांच्यापाशी शिकले. जवळ येणाऱ्या व दूर जाणाऱ्या ध्वनीचा सूर का बदलतो याचा नियम ज्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे तेच हे डॉप्लर. वनस्पतिशास्त्र उंगर यांच्यापाशी. संख्यांच्या मांडणीचे गणितही त्यांनी येथेच अभ्यासिले. आम्हांस असे वाटते की मेंडेल यांच्या यशाची किल्ली या दोन वर्षांत आहे. त्यांच्यापूर्वी झाडांचे संकर पुष्कळांनी केले होते. पण झाडाकडे गणित्याच्या डोळ्यांनी पाहण्याचे, वर्णन करून न थांबता मोजण्याचे, त्यांतील कोणाच्या मनात तितकेसे आले नव्हते.

परत आल्यावर १८५४ पासून ते ब्रनोच्या विद्यालयात पदार्थविज्ञान व सृष्टिविज्ञान शिकवू लागले. १८५६ साली पुन्हा परीक्षेस गेले, परंतु प्रकृती बिघडून ती अर्धवट टाकून आले. पुढे त्यांनी तो नाद सोडला व चौदा वर्षे बदली शिक्षक म्हणूनच काढली. त्याच १८५६ साली मठाच्या खिडक्यांखालील सुमारे पस्तीस मीटर लांब व सात मीटर रुंद अशा जमिनीच्या पट्टीत त्यांनी आपल्या प्रसिद्ध प्रयोगांस आरंभ केला.

त्यांनी वाटाणा निवडला यातच त्यांचे चातुर्य आहे. वाटाण्याच्या फुलाच्या खालच्या दोन पाकळ्या होडीसारख्या जुळलेल्या असून पुंकेसर व स्त्रीकेसर त्यांच्या आत बंद असतात. त्यामुळे फुलाचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात व जात पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहते. मेंडेल यांनी बी विक्रेत्यांकडून चौतीस जातींचे बियाणे आणविले, दोन वर्षे लावून ते शुद्ध आहे की नाही याची परीक्षा केली, आणि बावीस जाती कामासाठी ठेविल्या. नंतर सात गुण निवडले. दाणा गोल की सुरकुतलेला, आतून पिवळा की हिरवा, फूल जांभळे की पांढरे, शेंग फुगीर की दाण्यांत चिमटलेली, कोवळी शेंग हिरवी की पिवळी, फुले खोडाच्या बाजूने की शेंड्याशी, वेल उंच की बुटका. प्रत्येक गुणाचे दोनच पर्याय, मधले काही नाही. एकाच वेळी शंभर गोष्टींकडे पाहणारा गोंधळतो. यांनी प्रथम एकेका गुणाकडेच पाहिले.

संकर करण्याची रीत नाजूक होती. कळी उमलण्यापूर्वीच ती उघडून बारीक चिमट्याने कच्चे परागकोश खुडावयाचे. मग दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग आणून कुक्षीवर लावावयाचे. आणि एखाद्या माशीने किंवा भुंग्याने तिसऱ्याच फुलाचे पराग आणू नयेत म्हणून फुलावर पिशवी चढवावयाची. असे शेकडो फुलांना. आठ वर्षांत त्यांच्या हाताखालून सुमारे अठ्ठावीस हजार झाडे गेली, आणि हे सर्व शाळेचे तास व मठाची कामे सांभाळून!

आता त्यांना काय आढळले ते पाहू. गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या जातींचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सर्व दाणे गोलच निघाले. अर्धवट सुरकुतलेला एकही नाही. सुरकुती नाहीशीच झाली, असे कोणीही म्हणाले असते. मेंडेल यांनी हे दाणे पेरले, त्यांच्या फुलांना आपापल्या परागांवर सोडले आणि शेंगा फोडून दाणे मोजले. एकंदर ७३२४ दाण्यांपैकी ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले. हरवलेली सुरकुती परत आली होती, आणि तीही एका ठराविक प्रमाणात. पिवळ्या व हिरव्या दाण्यांचे प्रमाण पाहिले तर ६०२२ पिवळे, २००१ हिरवे. उंच व बुटक्या वेलांत ७८७ उंच, २७७ बुटके. जेथे पाहावे तेथे सुमारे तिनास एक!

हे तिनास एक कोठून आले? मेंडेल यांचा तर्क असा. प्रत्येक झाडात एका गुणासाठी दोन घटक असतात, एक आईकडून आलेला व एक बापाकडून. ते एकमेकांत विरघळत नाहीत. दोन निराळे घटक एकत्र आले की त्यांतील एक प्रभावी ठरून दुसऱ्यास झाकतो. झाकला जाणारा अप्रभावी. पण तो नष्ट होत नाही. पराग व बीजांड तयार होताना जोडी फुटते व प्रत्येकात एकच घटक जातो; कोणता जाईल हे केवळ योगायोगावर असते.

आमच्या विद्यार्थ्यांनी हे दोन नाणी घेऊन करून पाहावे. एक नाणे आईचे, एक बापाचे. छापा म्हणजे गोल, काटा म्हणजे सुरकुती. दोन्ही नाणी एकदम उडविली तर चार प्रकार संभवतात. दोन्ही छापा, पहिल्याचा छापा व दुसऱ्याचा काटा, पहिल्याचा काटा व दुसऱ्याचा छापा, आणि दोन्ही काटा. पैकी पहिल्या तिहींत निदान एक तरी छापा असल्याने दाणा गोल दिसणार, फक्त चौथ्यात सुरकुतणार. दहा वेळा उडवून हे प्रमाण दिसणार नाही, पाचशे वेळा उडवून बरेच जवळ येईल. म्हणूनच मेंडेल हजारांनी मोजीत बसले. येथून हेही निघते की तीन गोल दाण्यांपैकी एक शुद्ध व दोन मिश्र असले पाहिजेत, जरी डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसत असले. त्यांनी गोल दाण्यांची ५६५ झाडे लावून तेही ताडून पाहिले. १९३ झाडांना केवळ गोल दाणे आले, ३७२ झाडांना दोन्ही प्रकारचे. पणजीचे केस कोठे दडले होते याचे उत्तर त्या वाफ्यात होते.

पुढे त्यांनी दोन गुण एकदम घेतले. गोल-पिवळे व सुरकुतलेले-हिरवे यांच्या संकरापासून दुसऱ्या पिढीत ५५६ दाणे मिळाले. त्यांत ३१५ गोल पिवळे, १०८ गोल हिरवे, १०१ सुरकुतलेले पिवळे व ३२ सुरकुतलेले हिरवे, म्हणजे सुमारे नऊ, तीन, तीन व एक या प्रमाणात. दाण्याचा आकार व दाण्याचा रंग हे एकमेकांची वाट न पाहता स्वतंत्रपणे वाटले जातात हे यावरून ठरले. सर्वच गुण इतके स्वतंत्र नसतात, काही जोडीने प्रवास करतात, हे पुढच्या शतकात समजले.

१८६५ च्या ८ फेब्रुवारीस व ८ मार्चास मेंडेल यांनी ब्रनोच्या सृष्टिविज्ञान मंडळापुढे आपला निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो मंडळाच्या वार्षिकात छापला गेला. चाळीस प्रती त्यांनी वेगळ्या मागवून घेतल्या व काही मोठमोठ्या विद्वानांस धाडल्या. परिणाम? काही नाही. वनस्पतिशास्त्रात एवढे गणित कशास, असेच बहुतेकांस वाटले असावे. म्यूनिकचे प्रख्यात पंडित नेगेली यांनी मात्र उत्तर दिले व पत्रव्यवहार कित्येक वर्षे चालला; परंतु निबंधाचे मर्म त्यांनाही कळले नाही. उलट मेंडेल यांनी हॉकवीड नावाच्या रानफुलावर नेगेलींच्या आवडीचे प्रयोग केले. ती फुले इतकी बारीक की त्यांवर काम करता करता मेंडेल यांचे डोळे दुखावले, आणि हाती आले ते वाटाण्याच्या नियमांशी मुळीच जुळेना. त्या वनस्पतीचे बी पुष्कळदा परागाशिवायच धरते, ही गोष्ट तेव्हा कोणासच ठाऊक नव्हती. ज्यात आईबापांचा योगच होत नाही त्यात दोघांच्या गुणांचा हिशोब कसा लागावा?

१८६८ साली मेंडेल मठाधिपती निवडले गेले. शाळा सुटली, आणि बाग हळूहळू सुटली. मधमाशा पाळणे व हवामानाच्या नोंदी ठेवणे हे छंद मात्र त्यांनी सोडले नाहीत. १८७० च्या ऑक्टोबरात ब्रनोवर एक भयंकर वावटळ आली तेव्हा तिचे त्यांनी केलेले वर्णन आजही जाणकारांना उपयुक्त वाटते. १८७४ साली सरकारने मठांवर नवा कर बसविला. हा कर अन्यायाचा आहे असे ठरवून मेंडेल यांनी तो भरण्यास साफ नकार दिला. इतर मठ नमले, हे नमले नाहीत. सरकारने मठाच्या जमिनींच्या उत्पन्नावर जप्ती आणली तरीही नाही. बागेतील तोच चिकाटीचा स्वभाव येथे त्यांच्या अंगावर उलटला असे आम्हांस वाटते. आयुष्याची अखेरची दहा वर्षे अर्जफाट्यांत गेली, स्नेही दुरावले, प्रकृती ढासळली. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचा अंत झाला. अंत्यविधीस गर्दी पुष्कळ होती व संगीताची धुरा पुढे जगप्रसिद्ध झालेले संगीतकार यानाचेक यांनी वाहिली. परंतु त्या गर्दीत एका थोर शास्त्रज्ञास आपण निरोप देत आहो हे कोणाच्याही मनात नव्हते. त्यांचे बरेचसे कागदपत्र नंतर जाळून टाकण्यात आले.

सोळा वर्षे लोटली. १९०० साली हॉलंडात द व्ह्रीस, जर्मनीत कोरेन्स व ऑस्ट्रियात चेर्माक यांनी अशाच स्वरूपाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि तिघांनाही मेंडेल यांचा पस्तीस वर्षांपूर्वीचा निबंध मानावा लागला. कोरेन्स हे नेगेली यांचेच शिष्य, हाही दैवाचा खेळ. १९०५ साली इंग्लंडच्या बेटसन यांनी या विद्येस स्वतंत्र नाव दिले, १९०९ साली डेन्मार्कच्या योहान्सेन यांनी मेंडेल यांच्या घटकास जीन म्हटले. तेच आपले जनुक. हे जनुक पेशीतील गुणसूत्रांवर असतात हेही लवकरच ठरले.

एक आक्षेप येथे सांगितला पाहिजे, कारण चरित्र म्हणजे स्तोत्र नव्हे. १९३६ साली फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने दाखविले की मेंडेल यांचे आकडे अपेक्षित प्रमाणाच्या संशय यावा इतके जवळ आहेत. यावर पुढे पुष्कळ वाद झाला. दाणा गोल की किंचित सुरकुतलेला, हे ठरविताना मोजणाऱ्याचे मन कळत नकळत एका बाजूस झुकले असेल. मुद्दाम लबाडी केली असे म्हणण्यास आम्हांस आधार दिसत नाही. नियम मात्र खरे ठरले. सुरकुतीचे कारण १९९० साली जनुकापर्यंत पोहोचून सापडले. पिष्ट तयार करणाऱ्या एका द्रव्याचे जनुक बिघडलेले असल्याने त्या दाण्यात साखर अधिक राहते, तिच्यामुळे तो पाणी जास्त शोषतो आणि वाळताना आकसतो.

वाटाण्याची ही कथा आईबापांनी लक्षपूर्वक वाचावी असे आम्ही म्हणतो, त्यास कारण आहे. मनुष्याची उंची, वर्ण, नाक यांवर अनेक जनुकांचा अंमल चालतो, म्हणून आत्याबाईंचा वाद मेंडेलही मिटवू शकणार नाहीत. परंतु काही रोग ठेट वाटाण्याच्या चालीने चालतात. आपल्या विदर्भात व नंदुरबारकडे अनेक कुटुंबांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा विकार त्यांपैकीच. आई व बाप दोघेही धडधाकट, पण दोघांतही एकेक सदोष घटक झाकलेला, अशांना वाहक म्हणतात. त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन व पूर्ण मुक्त असण्याचा चारांत एक असतो. येथे कित्येकांची अशी चूक होते की, पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित. तसे नाही. नाण्यास मागच्या फेकीची आठवण नसते. प्रत्येक वेळी संभव तोच. दोघांचे रक्त लग्नापूर्वी तपासून घेतले तर ही गोष्ट आधीच कळते. आणि मूल आजारी निघाले म्हणून सुनेस बोल लावण्याची जी रीत घरोघर दिसते तीस तर काडीचाही आधार नाही. कारण रोग होण्यास घटक दोन लागतात व त्यांतील एक बापाकडूनच आलेला असतो.

ब्रनोच्या मठाच्या आवारात आज मेंडेल यांचे संग्रहालय आहे, व त्यांचा संगमरवरी पुतळा १९१० पासून उभा आहे. त्यांच्या जन्मास दोनशे वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, २०२१ साली, शास्त्रज्ञांनी शहरातील स्मशानभूमीतील मठवासीयांची कबर उघडून त्यांचे अवशेष बाहेर काढले व हाडांतून त्यांची जनुके वाचली. ज्यांनी घटक डोळ्यांनी न पाहता केवळ दाणे मोजून ओळखले, त्यांचेच घटक आता एकेक करून वाचले गेले. आणि त्यांत हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या विकारांशी संबंध असलेल्या खुणाही सापडल्या.